आधी बघायचं, मग काढायचं

एप्रिल सरत आला की आमच्या कॉलेजातली मास्तरमंडळी गावोगाव पोरं धुंडाळत फिरायला लागतात. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. पुण्याच्या एका मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे विद्यार्थी आणायला तुम्ही जाता? ते आपणहून येत नाहीत?" अगं बाई, येत असते तर मी भर उन्हात तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवर फुलंब्रीच्या रस्त्याला कशाला लागले असते! आमचं कॉलेज विनाअनुदानित. जागा भरल्या तर विभाग, विभाग राहिला तर मास्तर. बाकी सगळं गॅदरिंगच्या भाषणात.

मी उपयोजित कलेची मास्तरीण. जाहिरात, पुस्तकाचं कव्हर, डब्यावरचं लेबल, दुकानाची पाटी, अक्षरं, असलं सगळं शिकवायचं. कुणी विचारलंच तर "ग्राफिक डिझाइन" म्हणून सांगते. मग समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे फ्लेक्स!" आणि मी पाणी पिते.

ह्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधीच संस्थेच्या सचिवांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. सचिवांनी चहा मागवला की समजायचं, आपलं काहीतरी जाणार. "मॅडम, तुमच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे," ते म्हणाले. झालं! आदराचं नाव निघालं की मी कप खाली ठेवते. "पण बारा प्रवेश झाले तरच विभाग चालू राहील. अकरा झाले तरी नाही. परवडत नाही हो संस्थेला."

"आणि मी?"

"तुम्हाला कुठंतरी सामावून घेऊ."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो चिकलठाण्याला एका कंपनीत सुपरवायझर आहे. म्हणाला, "आमच्याकडं पण हाच शब्द आहे. नवीन मशीन आलं की जुन्या माणसाला स्टोअरला सामावून घेतात." मी त्याच्यावर अशी डाफरले की शेजारच्या वहिनी गॅलरीत आल्या. त्यानं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. आमच्याकडं भांडण असंच मिटतं.

पण रात्रभर तो शब्द काही पोटात जिरला नाही. विभाग गेला तर मी कोण? मला मोठी वाक्यं आवडत नाहीत, पण विभाग म्हणजे माझा जीव होता हो. दुसरं काय म्हणू?

लहानपणी फुलंब्रीला आमचं किराणा दुकान होतं. दारातल्या पाटीवर रोज खडूनं भाव लिहायचं काम माझ्याकडं. साखर, गूळ, शेंगदाणे. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी एकदा ती पाटी बघितली आणि वडिलांना म्हणाले, "पोरीचा हात चांगलाय, एलिमेंटरीला बसवा." एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, मग शहरात आर्ट कॉलेज. आत्या म्हणाली, "रांगोळी काढायला शिकायला एवढं शहरात जायचं?" वडील म्हणाले, "जाऊ द्या, तिला आवडतंय." तेवढंच म्हणाले, पण त्या काळी बापानं तेवढं म्हणणंसुद्धा लई होतं.

पुढं काही वर्षं पुण्याला जाहिरात कंपनीत काढली. लग्न झालं, परत इथं आले. तेव्हा जालन्याच्या बियाणं कंपन्यांची कामं इथल्या छापखान्यांत यायची. पिशवीवर छापायला भेंडी, मिरची, वांगं काढून द्यायचं. मी ताजी वांगी आणायचे, समोर ठेवून काढायचे, काढून झाली की त्यांचीच भाजी. नवरा कामावरून आल्यावर आधी ड्रॉइंग बोर्डावर डोकवायचा, जेवायला काय आहे ते कळावं म्हणून.

पेरणी झाली की शेतकरी बियाण्याची रिकामी पिशवी काडीला अडकवून सरीच्या टोकाला खोचतात, कुठं काय लावलंय ते लक्षात राहावं म्हणून. एकदा एसटीनं कन्नडकडं जाताना खिडकीतून मला माझं वांगं दिसलं. पुढच्या रानात माझी मिरची. मी आनंदानं उभीच राहिले आणि शेजारच्या म्हातारीला सांगितलं, "मावशी, ते पिशवीवरचं वांगं मी काढलंय." ती म्हणाली, "व्हय का? लई कीड पडती बाई त्या वाणावर." एवढं मोठं प्रदर्शन मला पुन्हा कधी मिळालं नाही.

नंतर पिशव्यांवर फोटो यायला लागले आणि ते काम संपलं. स्वतःची चित्रंही काढली मी. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळं गच्च्या-गच्च्यांवर काळ्या टाक्या आणि निळे ड्रम. मी तेच रंगवत बसले. दोनदा प्रदर्शन भरवलं. एक काका पूर्ण हॉल फिरून आले आणि म्हणाले, "सगळं छान आहे, पण एखादं फूलबिल काढायचं." एकही चित्र विकलं गेलं नाही. माळ्यावर आहेत सगळी. मग मास्तरकी धरली, आणि त्यात मात्र मी रमले.

वर्गात माझा एकच नियम. आधी बघायचं, मग काढायचं. पहिल्या दिवशी पेन्सिलीला हात लावू द्यायचे नाही. टेबलावर तांब्या ठेवायचे आणि तास संपेपर्यंत नुसतं बघायला लावायचे. पोरं वैतागायची. "मॅडम, बघितला."

"काय बघितलंस?"

"तांब्या."

"त्याचा गळा संपून पोट कुठं सुरू होतं?"

मग परत बघणं. "हाताला काही येत नसतं रे," मी ओरडायचे, "जे येतं ते डोळ्याला येतं. हात नुसता हमाल आहे!" मागच्या बाकावरची पोरं माझी नक्कल करायची, मला ठाऊक होतं. करू देत. नक्कल करायलासुद्धा आधी नीट बघावं लागतं.

रंगकामाला पाणी लागतं आणि ते कॉलेजच्या नळाला नसायचं. म्हणून पोरं घरून बाटली घेऊन यायची. वर्गात तीन बरण्या ठेवलेल्या. पहिलीत मळका ब्रश धुवायचा, दुसरीत विसळायचा, तिसरीतलं पाणी फक्त रंगात घालायला. तिसऱ्या बरणीत कुणी मळका ब्रश बुडवला की माझ्या अंगात यायचं. संध्याकाळी पहिल्या बरणीचं गढूळ पाणी दारातल्या कडुनिंबाला. रंगाच्या पाण्यावर वाढलेलं झाड आहे ते. माझी जुनी पोरं अजून कुठं भेटली की आधी त्या बरण्यांचं विचारतात, मग माझ्या तब्येतीचं.

तर ह्या उन्हाळ्यात बारासाठी मी वेड्यासारखी फिरले. शाळांमध्ये गेले, क्लासेसमध्ये गेले, एका लग्नात तर जेवणाच्या पंगतीत बसून नवरीच्या मामेभावाला विभागाची माहिती दिली. नवरा म्हणाला, "निदान त्याला मठ्ठा तरी पिऊ दे." फुलंब्रीत एका पालकानं माझ्यासमोर मोबाईल काढला, त्याला तोंडी सांगितलं, "पोरीच्या वाढदिवसाचं कार्ड बनव, मोर पाहिजे," आणि चहा निवायच्या आत कार्ड तयार. मोरासकट. "आता ह्याच्यात शिकायचं काय राहिलं, मॅडम?" त्यानं साधेपणानंच विचारलं. मी दहा मिनिटं बोलले. काय बोलले ते मला स्वतःलाच पटत नव्हतं.

तरी एकेक करत पोरं जमली. कुणी बारावीत कमी मार्क पडले म्हणून, कुणी खरंच चित्राच्या वेडानं, एक तर मैत्रीण येते म्हणून. अकरा झाली. आणि तिथं गाडी अडली.

अशात देवगाव रंगारीहून तिथल्या चित्रकलेच्या शिक्षकांचा फोन आला. "मॅडम, बारावी झालेली एक पोरगी आहे. मी काही सांगत नाही. तुम्ही येऊन बघा."

गेले तर रस्त्याकडेला विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी दारात ओळीनं मांडलेल्या, आणि पोरीचा बाप दोन गुडघ्यांत एक मोटार धरून तिच्यात तांब्याची तार भरत बसलेला. त्याच्या डोक्यावरची टोपी बघून मी हिंदीत सुरुवात केली. त्यानं माझं तोडकं-मोडकं हिंदी दोन वाक्यं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, मराठीत बोला की. आमचं आज्यापणज्यापासून सगळं हितंच हाय." मी ओशाळले. त्यानं हसून पोरीला हाक मारली, "बेटी, मॅडमला तुझे कागद दाखव."

पोरीनं जुन्या कॅलेंडरची पानं आणली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं मोटारी काढलेल्या. उघडलेल्या, जळालेल्या, निम्म्या भरलेल्या. तारेचं वेटोळं नुसतं गोल गोल गिरगटलेलं नव्हतं. आत गेलेली प्रत्येक तार जिथून निघायला हवी तिथूनच बाहेर येत होती. बाप तारेवरून नजर न काढता म्हणाला, "त्या कागदावर बघून मी मोटार भरू शकतो." एवढ्या वर्षांत शेकडो पोरं हाताखालून गेली, पण असा डोळा मला भेटला नव्हता.

"किती वेळ लागतो गं एकाला?" मी विचारलं.

"काढायला नाय लागत," ती म्हणाली. "आधी लई वेळ बघत बसते. अब्बा ओरडतात, बघत काय बसलीस, काम कर म्हणून."

मी तिथंच ठरवलं. बारावी हीच. खरं सांगायचं तर त्या घडीला मला आकड्याचाही विसर पडला. विभाग बंद होणार असला तरी एवढी एक पोरगी मला शिकवायला मिळू दे, असं वाटलं. मग आकडाही आठवलाच. पोट कुणाला चुकलंय!

पोरीच्या आईनं चहा दिला. बापानं हात पुसून मुद्द्याचं विचारलं, "ह्याच्यात पुढं पोटाला मिळंल का, मॅडम?" मी पिशव्यांचं सांगितलं, पुण्यात नोकरीला लागलेल्या माझ्या पोरांचं सांगितलं. त्यानं नीट ऐकलं. "तिची खाला, म्हणजे मावशी, नर्स हाय," तो म्हणाला. "तुमच्याच संस्थेत नर्सिंग पण हाय ना? शेवटच्या तारखेला येतो. तिथं बघू."

त्यानंतर मी त्या घराला फोन करून करून हैराण केलं. कधी दाखल्याची आठवण, कधी फोटो किती आणायचे, कधी नुसतंच "पाऊस आहे का तिकडं?" एकदा तिची आई म्हणाली, "मॅडम, तुम्ही लई चांगल्या आहात, पण सकाळीच तर बोललो आपण." मी नवस बोलणारी बाई नाही. पण त्या दिवसांत गणपतीला बोलले, आणि परत येताना दर्ग्यासमोर स्कूटी हळू करून तिथंही मनात म्हणून घेतलं. म्हणलं, कुणाचा का कोंबडा आरवेना, उजाडल्याशी मतलब.

ह्याच दिवसांत कॉलेजच्या गेटवर भलामोठा फ्लेक्स लागला. 'प्रवेश सुरू! कला क्षेत्रात करिअरची सुवर्णसंधी!' मला कुणी विचारलं नव्हतं. ऑफिसातल्या क्लार्कनं मोबाईलवर बनवला होता म्हणे. आता बोला! डिझाइनच्या विभागाची जाहिरात, आणि ती डिझाइनच्या मास्तरणीला न विचारता. काखेत कळसा अन् गावाला वळसा! मी तडक प्राचार्यांकडं गेले. ते म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटांत झालं ते काम. तुमच्याकडं दिलं असतं तर तुम्ही चार दिवस नुसता विचार केला असता." बाकीचे शिक्षक हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि बाहेर येऊन संतापानं ठरवलं, त्या फ्लेक्सकडं बघायचं म्हणून नाही. रोज गेटमधून आत शिरताना मान फिरवायचे. सुवर्णसंधी म्हणे!

शेवटच्या तारखेला ते बापलेक आले. मी सकाळपासून गेटवरच उभी होते. बापानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, पोरीच्या हातात फाइल. मला हायसं वाटलं. "चला चला, खिडकीला गर्दी होईल," म्हणून मी तिचा हात धरला. पण ती हलेना. मान वर करून फ्लेक्सकडं बघत उभी राहिली. लई वेळ बघत राहिली. मग तिनं ओढणीचा पदर तोंडाला लावला. हसू दाबत होती.

"काय झालं गं?"

"मॅडम, हिनं ब्रश उलटा धरलाय."

मी तेव्हा पहिल्यांदा त्या फ्लेक्सकडं नीट बघितलं. गोरीपान, गोड हसणारी एक मुलगी. भोवती रंगांचे फवारे. तिनं ब्रशचे केस मुठीत धरले होते आणि लाकडी टोकानं कॅनव्हासवर इंद्रधनुष्य रंगवत होती. धरणीमाते, पोटात घे, असं झालं मला. एवढे दिवस तो फ्लेक्स तिथं होता. प्राचार्य, सचिव, मास्तर, पालक, पोरं, सगळे त्याच्याखालून गेले होते. मी पण गेले होते.

बापानं चष्मा पुसून लावला आणि तोही बघायला लागला. "हे तुमच्या पोरांनी केलं का, मॅडम?"

"छे हो! माझ्या पोरांनी असं केलं असतं तर मी त्यांना वर्गात उभं राहू दिलं नसतं. ऑफिसात केलंय. मोबाईलवर. मशीन करतं आता."

"म्हणजे तुमच्याच कॉलेजानं तुमच्याकडनं नाय करून घेतलं."

"नाही."

"आणि चुकीचं झालं तरी लावलं. कुणी काय बोललं नाय?"

"कुणाच्या लक्षात आलं नाही."

टोमणा मारणारा माणूस नव्हता तो, म्हणून तर मला जास्त लागलं. "मॅडम, राग नका मानू," तो म्हणाला. "मी मोटार चुकीची भरली तर ती जळती. शेतकरी येऊन माझी गचांडी धरतो. म्हणून तर बरोबर भरणाऱ्याला लोक शोधत येतात. हितं चुकलेलं कुणाला दिसतच नसंल, तर बरोबर काढणाऱ्याला कोण बोलवंल?"

मी मास्तरीण आहे. बोलायचा पगार घेते. वर्गात कुणी असा प्रश्न विचारला असता तर मी दोन तास बोलले असते. तिथं जे केलं त्याची मला अजून लाज वाटते आणि वाटतही नाही. मी हात जोडले. गेटवर, वॉचमनसमोर. "एक वर्ष द्या," म्हणलं. "एकच वर्ष. हिचा डोळा असा तसा नाही हो. वाया जाईल तो. नाही पटलं तर पुढच्या वर्षी खुशाल नर्सिंगला घाला. पण आज माझ्या खिडकीला या. मी पाया पडते तुमच्या."

"अरे अरे, मॅडम!" तो मागं सरला. "असं नका करू. तुम्ही शिकवणाऱ्या."

मी पोरीकडं वळले. "तुला काय वाटतं? तू बोल."

ती खाली बघत होती. "अब्बा म्हणतील ते," म्हणाली, आणि पुन्हा एकदा वर, त्या ब्रशकडं बघितलं.

आमच्याकडं प्रवेशाच्या दोन खिडक्या शेजारीशेजारी आहेत. एक आमची, एक नर्सिंगची. आत बसणारा क्लार्क एकच. ते बापलेक दुसऱ्या खिडकीला उभे राहिले. आमच्या खिडकीला कुणीच नव्हतं. मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले, उगीच, कुणीतरी धावत येईल म्हणून. खिडकी बंद झाली तेव्हा वॉचमनमामा म्हणाले, "ताई, पाणी प्या." बास. अकरा.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भाजी निवडत होता. निवडता निवडता म्हणाला, "माझं नाव घाल. मी बारावी पास आहे. कंपनीतनं तसंही काढतील आज ना उद्या. पहिल्या बाकावर बसतो, तांब्याकडं बघत." मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की हसता हसता मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. आणि काय सांगू, सकाळी जाऊन मी क्लार्कला खरोखरच विचारलं. वयाची अट आहे का म्हणून. तो माझ्याकडं बघतच राहिला. "मॅडम, तारीख गेली ना पण," म्हणाला.

विभाग बंद झाला. त्या अकरा पोरांतली काही दुसऱ्या कॉलेजांत गेली, काहींनी नादच सोडला. ड्रॉइंग बोर्ड जिन्याखाली रचून ठेवले. मोठ्या खिडक्यांच्या माझ्या वर्गात नर्सिंगवाल्यांनी दोन खाटा टाकल्या आणि एका खाटेवर रबराचा माणूस झोपवला. मला सामावून घेतलं. नर्सिंगला लागणारे तक्ते रंगवायचे, फुप्फुसं, मूत्रपिंड, पचनसंस्था. संस्थेच्या कार्यक्रमाला फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहायचं. पगार चालू आहे. वाईट वागत नाही कुणी. तीच पंचाईत आहे, भांडायलाही जागा नाही.

एक आशा मात्र मी धरून होते, ती सांगून टाकते. ती पोरगी त्याच इमारतीत होती. म्हणलं, विभाग गेला तर गेला, हिला मी जेवणाच्या सुट्टीत शिकवीन. एवढा एक डोळा तरी जपीन. व्हरांड्यात ती पांढऱ्या गणवेशात दिसली तेव्हा तिला गाठून सांगितलं, "रोज अर्धा तास ये. काही फी नाही, काही परीक्षा नाही." तिचा चेहरा फुलला. "येते ना मॅडम!"

मी घरी नेलेल्या तिन्ही बरण्या परत आणल्या. पाण्याची बाटली भरून आणायला लागले. जिन्याखाली एक बोर्ड मांडला, समोर तांब्या. रोज सुट्टी झाली की जाऊन बसायचे. ती आली नाही. भेटली की म्हणायची, "उद्या नक्की मॅडम, आज प्रॅक्टिकल होतं." मी म्हणायचे, "काही हरकत नाही." हरकत नाही कशी? जीव नुसता टांगणीला लागला होता माझा. सुट्टी संपली की बाटलीतलं स्वच्छ पाणी तसंच कडुनिंबाला ओतायचे आणि पचनसंस्थेकडं जायचे.

शेवटी एक दिवस मीच तिला शोधत गेले. माझ्या जुन्या वर्गात, त्या रबराच्या माणसाच्या खाटेच्या कडेला ती बसली होती. मांडीवर जर्नल, बाजूला जर्नलांची ही एवढी चळत. भोवती मैत्रिणी. कुणाच्या तरी साखरपुड्याच्या गप्पा रंगल्या होत्या आणि ती त्यात सगळ्यांत पुढं. गप्पा मारत होती, खिदळत होती, आणि हात चालू होता.

"मॅडम! या ना, बसा," ती म्हणाली. पोरी आदरानं सरकल्या. "हे बघा. अख्ख्या वर्गाची हृदयाची आकृती मीच काढून देते. शिकवणाऱ्या सिस्टर पण म्हणल्या, तुझा हात लई भारी हाय."

मी वरचं एक जर्नल उचललं. हृदय काढलं होतं. गोलाई झकास, रेघ कुठं थरथरलेली नाही, लाल-निळा रंग व्यवस्थित भरलेला. दुसरं उघडलं. तेच हृदय. तिसरं. तेच. एक शीर डावीकडून दुसरीच्या मागं गेली होती आणि पलीकडं बाहेर कुठंच आली नव्हती. सगळ्या जर्नलांत ती तशीच मागं जाऊन संपलेली. प्रत्येक पानावर लाल पेनानं पूर्ण मार्क दिलेले होते.

"ही शीर," मी म्हणलं, माझा आवाज मलाच बारीक वाटला, "ही पुढं कुठं जाते, बघितलंस का गं?"

ती मोकळेपणानं हसली. तिच्या मनात काहीसुद्धा वाकडं नव्हतं. "बघायला कशाला लागतंय मॅडम? आता मला न बघता येतं!"

आणि मला खरं वाटावं म्हणून तिनं कोरं पान काढलं आणि माझ्याकडं बघत बघत आणखी एक काढून दाखवलं.